वन्यजीवांचे अधिवास कसे सांभाळायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवास म्हणजे जंगलच ना?

जंगल हा अनेक अधिवासांपैकी एक. माळरान, दलदल, खाजण, वाळवंट, नदीचा डोह, कड्याची कपार, गुहा, समुद्रातलं प्रवाळ हे सगळे कुणा ना कुणाचे अधिवास आहेत. एखाद्या जीवाला खायला, प्यायला, लपायला, पिल्लं वाढवायला आणि हिंडायला जिथे मिळतं ती जागा त्याचा अधिवास. त्यामुळे 'चांगला अधिवास' हे बोलणं अर्धवट आहे. कुणासाठी चांगला, हे आधी सांगावं लागतं. दाट झाडी बिबट्याला चालेल, माळढोकाला अजिबात चालणार नाही.

एकाच प्राण्याला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या जागा लागतात, हेही लक्षात ठेवा. बेडकाला प्रजननासाठी पाणी लागतं, पण वर्षातला बराच काळ तो ओलसर पाचोळ्यात किंवा मातीत काढतो. तळं राखलं आणि भोवतालची झाडोऱ्याची जमीन सपाट केली, तर बेडूक काही वर्षांत दिसेनासे होतात आणि तळं तर आहे तसंच आहे, मग झालं काय, असं लोक विचारत राहतात.

प्राणी भरपूर दिसतात, म्हणजे अधिवास उत्तम आहे असं समजायचं का?

नाही. आजूबाजूची जागा उद्ध्वस्त झाली की उरलेल्या तुकड्यात प्राण्यांची गर्दी होते आणि काही काळ आकडे छान दिसतात. खरं पाहायचं ते पिल्लं जगतात का, वयात येतात का. काही जागा तर चक्क फसवतात. मेफ्लाय नावाचे कीटक पाण्यावर परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून पाणी ओळखतात. डांबरी रस्त्यावरून आणि काचेवरूनही तसाच प्रकाश परततो, म्हणून ते तिथे अंडी घालतात आणि ती वाळून जातात. कासवांची नुकती बाहेर पडलेली पिल्लं समुद्राऐवजी किनाऱ्यावरच्या दिव्यांकडे चालू लागतात, तोही असाच प्रकार. प्राणी येतात म्हणून खूश होण्याआधी त्यांचं तिथे पुढे काय होतं ते पाहावं.

सुरुवात कुठून करायची?

एकच प्रश्न विचारून: या जीवाची संख्या नेमकी कशामुळे अडली आहे? पाण्यामुळे, चाऱ्यामुळे, घरट्याच्या जागेमुळे, शिकारीमुळे, रोगामुळे, की रस्त्यामुळे? जे आधीच पुरेसं आहे ते आणखी दिल्याने काही होत नाही. ढोल्या नसल्यामुळे अडलेल्या घुबडांच्या जंगलात पाणवठे खोदून काय साधणार? तरीही असंच सर्रास घडतं, कारण पाणवठा खोदला की काम केल्यासारखं दिसतं. एक-दोन ऋतू नुसतं निरीक्षण करायचं म्हटलं तर कुणी निधी देत नाही.

निसर्गाला हात लावू नये, तो आपोआप सावरतो, हे खरं नाही का?

कधी कधी खरं आहे. आधार काढून घेतल्यावर जे स्वतः उभं राहतं त्याला मध्येच टेकू लावू नये. तोडलेल्या पावसाळी जंगलाजवळ जुनं जंगल शिल्लक असेल, बिया आणणारे पक्षी आणि वटवाघळं असतील, तर नुसतं राखण केल्यानेही जंगल परत येतं. पण हे सूत्र सगळीकडे लागू पडत नाही. त्याची दोन उदाहरणं सविस्तर सांगण्यासारखी आहेत.

पहिलं भरतपूरचं केवलादेव. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथली म्हशींची चराई बंद करण्यात आली. हेतू वाईट नव्हता. पण म्हशी ज्या गवताला आटोक्यात ठेवत होत्या ते पाणगवत चराई थांबल्यावर बेसुमार पसरलं आणि उघडं पाणी झाकोळून गेलं. ज्या पाणपक्ष्यांसाठी उद्यान केलं, त्यांनाच उतरायला आणि चरायला जागा कमी पडू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून हे पुढे आलं आणि नंतर आसपासच्या गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा मिळाली.

दुसरं ब्रिटनमधल्या 'लार्ज ब्लू' या निळ्या फुलपाखराचं. १९७९ मध्ये ते तिथून नाहीसं झालं. बराच काळ फुलपाखरं जमवणाऱ्या शौकिनांना दोष दिला जात होता. जेरेमी थॉमस या संशोधकाने त्याचं जीवनचक्र तपासलं तेव्हा कारण वेगळंच निघालं. या फुलपाखराची अळी काही आठवडे रानओव्याच्या जातीतल्या झुडपाची फुलं खाते, मग जमिनीवर पडते. एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्या तिला आपलीच अळी समजून वारुळात नेतात आणि ती तिथे त्यांच्या अळ्या फस्त करत वाढते. या मुंग्यांना उन्हाने तापलेली जमीन लागते, म्हणजे गवत अगदी आखूड हवं. गुरं चारणं कमी झालं, १९५०च्या दशकात रोगाने ससे मेले, गवत जेमतेम काही सेंटिमीटर वाढलं, जमीन थंडावली आणि मुंग्या गेल्या. झुडूप जागेवर होतं, फुलपाखराला कुणी हात लावत नव्हतं, तरी ते संपलं. पुढे चराई पुन्हा सुरू करून स्वीडनमधून आणलेली फुलपाखरं सोडली, तेव्हा ती टिकली.

दोन्हीकडे जागा 'जशीच्या तशी' ठेवायची म्हणून जे बंद केलं किंवा बंद पडलं, त्यावरच ती जागा उभी होती.

झाडं लावण्यात तरी काही चूक नाही ना?

चूक आहे, जर ती माळावर लावली तर. नैसर्गिक गवताळ प्रदेशाला 'पडीक' म्हणण्याची सवय जगभर आहे आणि तिच्यामुळे गवताळ अधिवासांचं अतोनात नुकसान झालं आहे. माळढोक, तणमोर, काळवीट, लांडगा, चंडोल यांना दूरवर नजर पोहोचेल असं मोकळं रान हवं असतं. तिथे झाडांच्या रांगा लावल्या की शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते, जमिनीवर घरटी करणारे पक्षी हटतात, सावलीत गवताच्या जाती बदलतात. कार्बनसाठी लावतोय म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. गवताळ प्रदेशाचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो आणि खड्डे खणताना तोच उघडा पडतो.

लावायचीच असतील तर जिथे जंगल होतं आणि तुटलं तिथे लावा, तिथल्याच जातींची, मिश्र. उंबर, वड, पिंपळ या कुळातली झाडं विसरू नका. इतर फळं नसतात त्या काळातही यांपैकी कुठलं तरी झाड फळलेलं असतं आणि त्यावर पक्षी, माकडं, वटवाघळं तगून राहतात. एकाच जातीच्या झाडांची लागवड कितीही हिरवी दिसली तरी तिला मी जंगल म्हणणार नाही.

उन्हाळ्यात प्राण्यांना पाणी मिळावं म्हणून कृत्रिम पाणवठे करावेत का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. याचं उत्तर लोकांना सहसा आवडत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात विसाव्या शतकात कूपनलिका आणि बंधारे घालून शेकडो ठिकाणी पाणी करण्यात आलं. उत्तरेचा कोरडा भाग रोन या दुर्मीळ कुरंगाचा होता. पाणी आल्यावर तिथे झेब्रे आणि विल्डबीस्ट वर्षभर राहू लागले, त्यांच्या मागोमाग सिंह आले, गवत खाऊन खुरटलं. १९८६ मध्ये सुमारे ४५० असलेले रोन १९९३ पर्यंत सुमारे ४५ वर आले. नंतर उद्यानाने बरेच पाणवठे बंद केले. कोरडेपणा हेच त्या कुरंगाचं संरक्षण होतं.

पाणी कमी असलेल्या जागांमुळे चराईचा दाब वाटला जातो. सगळीकडे पाणी केलं की कुठल्याच गवताला विश्रांती मिळत नाही. पाणवठ्याभोवतीची जमीन तुडवली जाते, एका जागी गर्दी झाल्याने रोग पसरतो, आणि शिकाऱ्यांना (दोन पायांच्या सुद्धा) कुठे थांबायचं ते कळतं. माणसाने धरणं, उपसा किंवा कुंपणं घालून प्राण्यांचं मूळ पाणी तोडलं असेल, तर भरपाई म्हणून पाणवठा करणं रास्त आहे. तेव्हाही एक काठ उतरता ठेवा, म्हणजे पडलेलं पिल्लू किंवा सरडा बाहेर येऊ शकेल. सिमेंटच्या उभ्या भिंतीच्या टाक्यांत कितीतरी लहान जीव बुडून मरतात. त्याआधी जुने झरे आणि डोह गाळाने बुजलेत का ते पाहा. ते मोकळे करणं स्वस्तही पडतं आणि टिकाऊही असतं.

आग म्हणजे नुकसानच ना?

कुठल्या अधिवासात लागली त्यावर आहे. ओल्या सदाहरित जंगलातल्या झाडांना आगीची सवय नसते. साल पातळ असते, एका वणव्याने ती मरतात, जंगल उघडं पडतं आणि पुढचा वणवा आणखी सहज पसरतो. याउलट अनेक गवताळ प्रदेश आणि पाइनची जंगलं आगीसोबतच घडली आहेत. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ च्या उन्हाळ्यात उद्यानाचा सुमारे एक तृतीयांश भाग आगीच्या टापूत आला आणि उद्यान संपलं अशी ओरड झाली. तिथल्या लॉजपोल पाइनची बरीच शंकू-फळं राळेने बंद असतात, ती आगीच्या उष्णतेनेच उघडतात. पुढच्याच वर्षांत रोपांचे गालिचे उगवले.

अमेरिकेतल्या मिशिगनमधला कर्टलंड वटवट्या हा छोटा पक्षी तर आणखी हट्टी. तो जॅक पाइनच्या साधारण ५ ते २० वर्षं वयाच्या कोवळ्या रानातच घरटं करतो, जमिनीवर, खालच्या फांद्यांच्या आडोशाला. आगी विझवत गेलो तसं रान म्हातारं झालं आणि १९७४ मध्ये, पुन्हा १९८७ मध्ये, गाणारे नर मोजले तर फक्त १६७ भरले. मग टप्प्याटप्प्याने रान तोडून नव्याने लागवड करण्यात आली, आणि कोकिळेप्रमाणे दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या काऊबर्ड पक्ष्यांना आवर घालण्यात आला. २०१९ मध्ये हा पक्षी तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला.

ठरवून जाळायचं तर तुकड्यातुकड्यांनी, दरवर्षी वेगळा तुकडा, विणीचा हंगाम सोडून, जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळी केलेली पट्टी) काढून आणि जाणकार माणसं हाताशी ठेवून. सगळं एकदम जाळलं तर कीटकांना आणि सरपटणाऱ्यांना परत यायला ठिकाणच उरत नाही. एकट्याने, हौसेने हे करू नये, हे वेगळं सांगायला नको.

वाळलेली, पोकळ झाडं काढून टाकली तर जंगल स्वच्छ दिसतं. काढावीत का?

राहू द्या. सुतार, पोपट, धनेश, घुबडं, वटवाघळं, मधमाश्या या सगळ्यांना ढोल्या लागतात आणि ढोली तयार व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. पडलेल्या खोडात बुरशी, भुंगेरे, सरडे, पाली राहतात. फिनलंडमध्ये जंगलातल्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याच्या प्रजाती कुठल्या ना कुठल्या रूपात मृत लाकडावर अवलंबून असल्याचं मानतात. वाट किंवा घर यांवर पडण्याचा धोका असलेलं झाड अर्थातच उतरवावं, पण खोड तिथेच आडवं ठेवावं.

ढोल्या नसतील तर घरटीपेट्या तात्पुरत्या उपयोगी पडतात. १९८९ च्या 'ह्यूगो' वादळाने दक्षिण कॅरोलायनात लाल-तुऱ्याच्या सुतारांची ढोलीची झाडं मोठ्या संख्येने पाडली, तेव्हा उरलेल्या पाइनच्या खोडांत कृत्रिम ढोल्या बसवून त्यांना सावरलं गेलं.

घाणेरी, जलपर्णी, वेडी बाभूळ अशा बाहेरून येऊन माजलेल्या वनस्पतींचं काय करायचं?

आधी मनाची तयारी करा, हे एका वर्षाचं काम नव्हे. घाणेरी म्हणजे टणटणी वरून छाटली की दुप्पट जोमाने फुटते. मूळ जमिनीच्या जरा खाली तोडून झुडूप उलटं करून वाळत ठेवायचं, ही पद्धत जास्त परिणामकारक ठरली आहे. तरी पक्षी बिया आणतच राहतात, म्हणून पुढची काही वर्षं रोपं उपटत राहावं लागतं. काढलेल्या जागी लगेच स्थानिक गवत किंवा झुडपं आली नाहीत तर ती जागा पुन्हा घाणेरीच घेते, किंवा तिच्याहून वाईट काहीतरी. सुरुवात दाट पट्ट्याच्या मधून न करता कडेच्या विरळ भागापासून करा. सगळं एकदम साफही करू नका. आता दुसरा आडोसाच नसल्यामुळे काही प्राणी त्याच जाळीत लपत असतात.

शत्रू-कीटक सोडण्याचा उपाय दोन्ही बाजूंनी पाहायला हवा. लेक व्हिक्टोरियातल्या जलपर्णीवर सोडलेल्या सोंडकिड्यांनी १९९०च्या दशकात मोठं काम केलं. ते किडे जलपर्णीपलीकडे फारसं काही खात नाहीत, हे तपासून मगच सोडले होते. ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये उसावरचे भुंगेरे खातील म्हणून आणलेले केन टोड हे मोठे भेक मात्र सगळंच खात सुटले, आणि त्यांना खाणारे प्राणी त्यांच्या विषाने मेले.

लहानशा तुकड्याचा काही उपयोग होतो का?

होतो, पण किती आणि कुणासाठी हे भोवताल ठरवतो. ब्राझीलमध्ये मनाउसजवळ १९७९ पासून १, १० आणि १०० हेक्टरचे जंगलाचे तुकडे वेगळे करून अभ्यास चालू आहे. थॉमस लव्हजॉय यांनी तो सुरू केला. तुकड्याच्या कडेला वारा आणि ऊन आत शिरतं, मोठी झाडं आधी मरतात, झाडीच्या खालच्या थरातले पक्षी उघडी पट्टी ओलांडायला धजत नाहीत. मात्र भोवतालच्या सोडून दिलेल्या कुरणात पुन्हा झाडोरा वाढला, तेव्हा काही पक्षी त्या तुकड्यांत परतले. म्हणून मला तुकड्याच्या हद्दीइतकंच हद्दीबाहेरच्या जमिनीकडे बघणं गरजेचं वाटतं. तुकड्याचा आकार लांबट, चिंचोळा असेल तर जवळजवळ सगळीच कड होते. गोलसर तुकड्यात आतला शांत भाग जास्त उरतो.

फार काळ एकटे पडलेल्या प्राण्यांत नात्यातल्या नात्यात प्रजनन होतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या प्यूमांमध्ये (हे मोठ्या मांजरकुळातले शिकारी प्राणी) वाकड्या शेपट्या आणि हृदयाचे दोष दिसू लागले होते. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या आणि त्यांची पिल्लं अधिक सुदृढ निघाली.

संचारमार्ग आणि रस्त्यावरचे पूल खरंच वापरतात का प्राणी?

वापरतात, जागा आणि आकार नीट निवडला तर. कॅनडातल्या बॅम्फ उद्यानातून जाणाऱ्या महामार्गावर ६ पूल आणि ३८ भुयारी वाटा आहेत, जोडीला रस्त्याकडेने कुंपण. वाहनांशी होणाऱ्या धडका ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. ग्रिझली अस्वलं, एल्क यांना रुंद, मोकळे पूल आवडतात. काळी अस्वलं आणि प्यूमा अरुंद बोगद्यांतून जातात. सगळ्यांसाठी एकच रचना चालत नाही. बिचकणाऱ्या प्राण्यांना सवय व्हायला काही वर्षं लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षीच 'कुणी फिरकत नाही' म्हणून निकाल लावू नये.

चहूबाजूंनी कुंपण घातलं तर प्राणी सुरक्षित राहतील?

शिकारीपासून कदाचित, उपासमारीपासून नाही. नेदरलँड्समधल्या ओस्टफार्डर्सप्लासेन या कुंपणबंद राखीव क्षेत्रात मोठे शिकारी प्राणी नव्हते आणि घोडे, गुरं, हरणं बाहेर जाऊ शकत नव्हती. २०१७-१८ च्या हिवाळ्यात सुमारे तीन हजार जनावरं गेली. त्यांतली बहुतेक उपाशी मरू नयेत म्हणून गोळी घालावी लागली.

शिकारी प्राणी परत आणले की बाकी सगळं आपोआप सुधारतं, असं वाचलं होतं.

अलास्काजवळच्या समुद्रात ते बऱ्यापैकी दिसलं आहे. तिथे पाणमांजरं सी-अर्चिन हे समुद्रतळावरचे काटेरी जीव खातात, त्यामुळे केल्प या समुद्री शेवाळाची वनं टिकतात. पाणमांजरं संपली तिथे अर्चिनांनी तळ ओकाबोका केला. यलोस्टोनमध्ये १९९५-९६ मध्ये आणलेल्या लांडग्यांची कथा मात्र सांगितली जाते त्यापेक्षा गुंतागुंतीची आहे. काही ओढ्यांकाठी विलोची झुडपं वाढली, काही ठिकाणी नाही. लांडगे नसताना ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर हे प्राणी गेले, त्यांचे बांध फुटले, ओढे खोल गेले, भूजल खाली उतरलं. लांडगे परतले म्हणून पाणी वर आलं नाही. एखादी साखळी तुटल्यावर तिची एक कडी परत बसवली की झालं, असं गृहीत धरू नये.

माणसांना बाहेर काढल्याशिवाय संवर्धन होत नाही का?

केवलादेवचं वर आलंच आहे. नेपाळच्या तराईत उद्यानांना जोडणाऱ्या पट्ट्यांतलं जंगल गावांच्या समित्या सांभाळतात. नेपाळमधले वाघ २००९ मध्ये १२१ होते, २०२२ मध्ये ३५५ मोजले गेले. काही नाजूक जागा, उदाहरणार्थ विणीच्या वसाहती, माणसापासून पूर्ण दूर ठेवाव्याच लागतात. पण संख्या वाढली की पीक आणि जनावरांचं नुकसान वाढतं, कधी माणसं दगावतात. त्याची भरपाई वेळेवर झाली नाही तर लोक आज ना उद्या विष ठेवतात. त्यांना अडाणी म्हणून प्रश्न सुटत नाही.

अधिवास राखला की प्राणी वाचलेच, असं म्हणता येईल?

गिधाडांना विचारा. भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं दीड दशकात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कडे होते, झाडं होती, अन्नही होतं. त्या अन्नात, म्हणजे मेलेल्या गुरांत, डायक्लोफेनॅक हे गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक औषध होतं आणि ते गिधाडांना विषारी ठरलं. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

पृथ्वीचा किती भाग राखला पाहिजे?

डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल इथे देशांनी २०३० पर्यंत किमान ३० टक्के जमीन (तिच्यावरच्या नद्या-तळ्यांसह) आणि तितकाच समुद्र राखण्याचं उद्दिष्ट मान्य केलं. टक्केवारी गाठायची म्हणून कुणालाच नको असलेले बर्फाळ किंवा खडकाळ पट्टे राखीव करण्याचा मोह असतो. कोणते ३० टक्के, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

माझ्याकडे थोडीच जमीन आहे. मी काय करू शकतो?

बांधावरची झुडपं एका कोपऱ्यात तरी वाढू द्या. पाचोळा जाळू नका. कीटकनाशक बंद करा, निदान फुलोऱ्याच्या काळात तरी. रात्रीचे दिवे कमी करा, लागणारे दिवे खाली तोंड करून लावा. छोटं तळं करणार असाल तर त्याचा काठ उतरता ठेवा आणि त्यात मासे सोडू नका, ते बेडकांची अंडी आणि पिल्लं खातात. गवत कापायचं तर अर्धं आता, अर्धं नंतर, आणि कापणी मधून कडेकडे करा म्हणजे आतल्या जीवांना पळायला वाट राहते. मोकाट कुत्री-मांजरं फिरत असतील तर पक्ष्यांना बोलावण्याआधी त्यांचा विचार करा.

काम जमलं की नाही हे कसं कळणार?

काम सुरू करण्याआधी मोजलं असेल तरच कळेल. ठरलेल्या खुणेपाशी उभं राहून दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच दिशेने फोटो काढा. हे सर्वांत स्वस्त साधन आणि सर्वांत दुर्लक्षित. ठरलेल्या वाटेवर पाऊलखुणा, विष्ठा, घरटी नोंदवा. शक्य असेल तर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावा. जिथे काहीच केलं नाही असा एक तुकडा तुलनेसाठी बाजूला ठेवा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय तुमच्या कामाला जाईल. आणि दिसलेलं लिहिताना न दिसलेलंही लिहा. 'आज तीन तास फिरलो, तणमोर नाही' ही सुद्धा नोंदच आहे आणि काही वर्षांनी तुलना करताना ती लागते.